आई-वडिलांना घेऊन इंग्लंडला चाललाय? मग बेक्सहिलला जावा

कोल्हापुरात आता प्रत्येक गल्लीत एक तरी घर असं आहे की ज्यांचं पोरगं किंवा पोरगी लंडनच्या आसपास कुठंतरी नोकरीला आहे, आणि उन्हाळा आला की त्या घरातले आई-वडील निघतात, व्हिसा होतो, बॅगांची वजनं होतात, शेजारपाजारचे येऊन भेटून जातात. मग मला मेसेज येतात की तू आईला घेऊन गेलेलीस ना, काय काय बघायचं सांग की. सगळ्यांना फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहूनच टाकते.

लंडन बघाच, राजवाडा बघा, म्युझियम बघा, थेम्सवरचं ते मोठं चक्र बघा. पण साठी-सत्तरीच्या माणसांचे पाय तिथं फार दुखतात हो. भुयारी रेल्वेचे जिने, सरकते जिने, त्यात सगळे धावत असतात, आणि संध्याकाळी घरी आल्यावर ही माणसं गुडघे चोळत बसतात आणि पोरांना वाईट वाटू नये म्हणून "लई भारी होतं" म्हणतात. म्हणून मी सगळ्यांना सांगते की मधेच काही दिवस काढा आणि समुद्रकाठच्या एखाद्या लहान, शांत गावात जाऊन राहा. सकाळी जाऊन संध्याकाळी परत असलं नको, मुक्काम करा. ब्राइटन चांगलंय, पण तिथं लंडनचीच गर्दी लोटते. आम्ही गेलेलो बेक्सहिलला, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ईस्टबोर्न आणि हेस्टिंग्जच्या मधे. आई, आत्या आणि मी, आणि शनिवार-रविवारी दादा-वहिनी येऊन मिळाले. आईला सगळ्या इंग्लंडात काय आवडलं विचारलं तर ती अजून पण पहिलं नाव बेक्सहिलचं घेते.

जायला सोपं आहे. दादा क्रॉयडनला राहतो, तिथनं थेट ट्रेन मिळते, पावणेदोन तासाच्या आसपास लागतात, लंडन व्हिक्टोरियावरनं बसलात तर दोन तास धरा. एक लक्षात ठेवा, ईस्टबोर्नला आपल्या कोल्हापूर स्टेशनसारखेच रूळ संपतात, गाडी तिथं थांबते आणि मग उलट्या दिशेनं निघते, त्यावेळी आत्या घाबरली होती की गाडी परत लंडनला चालली म्हणून. घाबरू नका, बसून राहा, थोड्या वेळात उजवीकडं समुद्र दिसायला लागतो. आणि साठीच्या वरच्या कुणालाही सिनियर रेलकार्ड काढता येतं, त्याला तिथला नागरिक असायची अट नाही, पासपोर्टवर वय दिसतं तेवढं पुरतं, तिकिटात एक तृतीयांश सूट मिळते. सकाळची ऑफिसच्या गर्दीची वेळ टाळली की तिकीट अजून स्वस्त पडतं.

आता तिथं करायचं काय. पहिलं काम म्हणजे बसायचं. खरंच सांगते. समुद्राकाठानं लांबच्या लांब सपाट फरसबंद रस्ता आहे, गाड्यांचा त्रास नाही, चढउतार नाही, आणि थोड्या थोड्या अंतरावर बाक. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे केवढं मोठं सुख आहे ते आपल्या आई-वडिलांना विचारा. दहा मिनिटं चालायचं, पाच मिनिटं बसायचं, परत चालायचं. बऱ्याच बाकांवर पितळेच्या लहान पट्ट्या लावलेल्या असतात, कुणीतरी गेलेल्या माणसाचं नाव, जन्म-मृत्यूची सालं आणि त्याला ही जागा फार आवडायची असं काहीतरी एका ओळीत. आपल्याकडं पण एसटी स्टँडवर, रंकाळ्यावर कै. अमुक यांच्या स्मरणार्थ असं लिहिलेले बाक असतातच, त्यामुळं आईला ते लगेच कळलं, पण तिथं ती प्रत्येक बाकासमोर थांबून मला वाचून दाखव म्हणायची, किती वर्षांची होती बघ, नवरा-बायको दोघांची नावं आहेत का बघ, आणि मग त्या बाकावर बसताना हात जोडून बसायची. तिथली माणसं पण वयस्करच जास्त, बेक्सहिल हे निवृत्त लोकांचं गाव म्हणूनच ओळखलं जातं, कुत्रं घेऊन फिरणारे आजोबा समोरनं जाताना "मॉर्निंग" म्हणून जातात, आणि दोन-तीन दिवसांत आत्या पण सगळ्यांना "मॉर्निंग" म्हणायला लागली, तिला इंग्रजी येत नाही पण तेवढ्यावर तिचं भागलं.

दुसरं म्हणजे भरती-ओहोटीच्या वेळा. हे मी जरा सविस्तर सांगते कारण यावरच तिथला सगळा दिवस ठरतो. आपण कोल्हापूरची माणसं गगनबावडा उतरून नाहीतर फोंडा घाटानं कोकणात जातो, तिथं भरती-ओहोटीचा फरक असतो दोन-अडीच मीटर, त्यामुळं समुद्र थोडा पुढं-मागं झाला एवढंच जाणवतं. इथं इंग्लिश खाडीच्या या भागात अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला हाच फरक सहा मीटरच्या वर जातो, म्हणजे दोन मजली घराएवढं पाणी दिवसातनं दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. भरतीला किनारा म्हणजे नुसते गोटे, लहान-मोठे गुळगुळीत, पाय ठेवला की सरकणारे, म्हाताऱ्या माणसांनी त्यावर उतरूच नये. पण ओहोटी लागली की गोट्यांच्या खालनं ओली, घट्ट, सपाट वाळू वर येते आणि ती इतकी लांब पसरते की हेच ते सकाळचं ठिकाण का असा प्रश्न पडतो. म्हणून तिथं उतरल्यावर पहिल्यांदा त्या आठवड्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा मोबाईलवर बघून ठेवा. एका भरतीपासनं पुढची भरती साधारण सव्वाबारा-साडेबारा तासांनी येते, म्हणून वेळ रोज पाऊण-एक तासानं पुढं सरकते. ओहोटीच्या आधी तास-दीड तास उतरायचं, अनवाणी चालायचं, आणि पाणी फिरलं की वर यायचं. आमचं जेवण, झोप, चहा सगळं त्यावरच ठरायचं आणि आईला हे फार पटलं, तिथीप्रमाणं जगलेल्या बाईला चंद्रावर चालणारं वेळापत्रक परकं वाटत नाही.

वाळूत मधे मधे समुद्रात शिरलेले लाकडी बांध दिसतात, काळे पडलेले, शेवाळ धरलेले. ते शोभेचे नाहीत, इथल्या लाटा गोटे आणि वाळू पश्चिमेकडनं पूर्वेकडं ढकलत नेतात, ते सगळं वाहून जाऊ नये म्हणून हे आडवे बांध घातलेत. बांधाच्या एका बाजूला गोट्यांचा ढीग उंच आणि दुसऱ्या बाजूला खोल, हे नीट बघितलं की समजतं.

गावाच्या पूर्वेला गॅली हिल म्हणून टेकाड आहे, तिथनं पुढं बुलव्हरहाइथच्या बाजूला मोठ्या ओहोटीला वाळूत काळे बुंधे दिसतात, ते हजारो वर्षांपूर्वी समुद्रानं गिळलेल्या जंगलाचे आहेत. त्याच पट्ट्यात 'आम्स्टरडॅम' नावाचं डच जहाज रुतलेलं आहे, १७४९ साली पहिल्याच सफरीवर बटाव्हियाकडं, म्हणजे आताच्या जकार्ताकडं निघालेलं, वादळात सुकाणू तुटलं आणि इथं वाळूत फसलं ते फसलंच. अगदी मोठ्या ओहोटीला त्याच्या फासळ्या वर येतात. लांबनंच बघायचं, त्याला हात लावायला बंदी आहे आणि तिथं चिखल पण आहे. आणि याच बेक्सहिलच्या किनाऱ्यावर २००४ साली एका जीवाश्म गोळा करणाऱ्याला एक तपकिरी गोटा सापडला, त्यात डायनासोरच्या मेंदूच्या ऊतींचे अवशेष निघाले, १३ कोटी वर्षांपूर्वीचे, ते २०१६ मध्ये जाहीर झालं. हे सांगितल्यापासनं दादाचा लेक वाळूत खाली मान घालूनच चालत होता.

आता पॅव्हिलियनबद्दल. डी ला वॉर पॅव्हिलियन. हे फक्त बघून फोटो काढून निघायचं ठिकाण नाही, निदान एक दुपार तिथं घालवा. समुद्राच्या अगदी समोर लांबट, पांढरी, काचेची इमारत, आणि तिच्या पोटात काचेतनं बाहेर दिसणारा गोल गोल चढत जाणारा जिना. आपण इंग्लंडात गेल्यावर जुने दगडी राजवाडे बघून बघून डोळ्यांना एक सवय लागते, आणि मग अचानक हे दिसतं. १२ डिसेंबर १९३५ ला याचं उद्घाटन झालं. एरिक मेंडेलसन आणि सर्ज चर्मायेफ हे दोघं वास्तुविशारद. मेंडेलसन ज्यू, हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये जर्मनी सोडून निघालेला माणूस. आणि हे बांधायची कल्पना कुणाची, तर नवव्या अर्ल डी ला वॉरची, हा माणूस मोठ्या सरदार घराण्यातला पण मजूर पक्षात गेलेला, वारसाहक्कानं उमराव झालेल्यांपैकी त्या पक्षात जाणारा पहिला. तो बेक्सहिलचा महापौर झाला आणि त्यानं ठरवलं की समुद्राकाठी सामान्य माणसासाठी वाचनालय, नाट्यगृह, जेवायची जागा, उन्हात बसायची गच्ची असं सगळं एका छताखाली असलं पाहिजे, आणि ते गावाच्या मालकीचं असलं पाहिजे.

हे वाचताना मला आपल्या शाहू महाराजांची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. राजानं लोकांसाठी बांधायचं, आणि चांगल्यातलं चांगलं बांधायचं. खासबाग कुस्ती मैदान १९१२ चं, त्याच्याच शेजारचं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५ चं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं तेव्हा सगळं कोल्हापूर रस्त्यावर येऊन रडत होतं, ज्यांनी ते बघितलंय त्यांना मी वेगळं सांगायला नको. पॅव्हिलियनची पण मधल्या काळात वाईट अवस्था झालेली, गंज, गळती, डागडुजीला पैसे नाहीत. पण गावातल्या लोकांनी लावून धरलं, १९८६ मध्ये त्याला सगळ्यात वरच्या दर्जाचं संरक्षण मिळालं आणि दुरुस्ती होऊन २००५ मध्ये ते नव्यानं उघडलं. आत चित्रांची, शिल्पांची प्रदर्शनं असतात, आम्ही गेलो तेव्हा त्याला तिकीट नव्हतं. वरच्या मजल्यावर कॅफे आहे, बाहेर गच्चीत खुर्च्या आहेत, समोर नुसता समुद्र. मी तिथं चहा घेऊन बसलेले आणि मला सारखं वाटत होतं की आपलं नाट्यगृह पण असंच, याच प्रेमानं उभं राहिलं पाहिजे, आणि ते नीट होतंय का यावर आपण कोल्हापूरकरांनी डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवलं पाहिजे. जाऊ दे, त्यावर वेगळं लिहीन कधीतरी. गाणाऱ्यांचे मोठे कार्यक्रम पण पॅव्हिलियनमध्ये होतात. बॉब मार्लेचा इंग्लंडमधला पहिला कार्यक्रम १९७२ मध्ये बेक्सहिललाच झाला असं गावातले लोक अभिमानानं सांगतात.

शाहू महाराजांचा विषय निघालाय तर अजून एक. समुद्राकाठानं पश्चिमेकडं चालत गेलं की एक घड्याळाचा मनोरा लागतो, सातव्या एडवर्डच्या १९०२ च्या राज्याभिषेकाच्या आठवणीत बांधलेला, पूर्ण व्हायला मात्र १९०४ उजाडलं. आता १९०२ चा तोच राज्याभिषेक ज्यासाठी आपले शाहू महाराज इंग्लंडला गेलेले! आणि महाराज तिकडं असतानाच २६ जुलै १९०२ ला करवीर संस्थानात मागासवर्गीयांना ५० टक्के जागा राखून ठेवायचा हुकूम निघाला. इंग्लंडच्या राजाचा राज्याभिषेक आज कुणाच्या लक्षात नाही, पण त्या हुकुमामागचा विचार आजपर्यंत टिकून आहे. मी त्या मनोऱ्याखाली उभं राहून आई-आत्याला हे सगळं सांगितलं, तर आत्या म्हणाली, "मग इथं महाराजांचं पण नाव पाहिजे होतं की." मला ते अगदी पटलं.

त्याच वर्षी बेक्सहिलमध्ये अजून एक गोष्ट घडली. १९ मे १९०२ ला इथं समुद्राकाठच्या रस्त्यावर मोटारींची शर्यत झाली, इंग्लंडमधली पहिली. रस्ता आठव्या अर्लच्या, म्हणजे पॅव्हिलियन बांधणाऱ्याच्या वडिलांच्या खासगी मालकीचा, म्हणून तिथं वेगाची मर्यादा लागू नव्हती. हजारो लोक बघायला आलेले. लिऑन सर्पोले नावाच्या फ्रेंच माणसानं वाफेवर चालणारी मोटार ताशी ५४ मैलांनी पळवली, म्हणजे ८७ किलोमीटरच्या आसपास, १९०२ साली, वाफेवर! तुमच्या घरात कुणी उद्यमनगरातलं, शिरोलीतलं, फाउंड्रीतलं असेल तर त्यांना बेक्सहिल म्युझियमला नक्की न्या, छोटंसं आहे, एगर्टन पार्कला लागून, तिथं मोटारींचा वेगळा विभाग आहे. १९५० च्या दशकात याच गावात 'एल्वा' नावाच्या रेसिंग गाड्या तयार व्हायच्या, मोठा कारखाना नाही, साधं वर्कशॉप, आपल्याकडं लेथवर बसलेला माणूस काय काय करू शकतो हे ज्यांनी बघितलंय त्यांना त्याचं मोल कळेल. बायकांसाठी, म्हणजे माझ्यासारख्यांसाठी, जुन्या कपड्यांचं दालन आहे, त्यात मी रमले. उघडायचे वार आणि वेळ आधी बघून जा, रोज उघडं नसतं.

समुद्रासमोर पॅव्हिलियनच्या जवळच काही बैठी घरं आहेत, शंभर वर्षांच्या वरची, त्यांवर मुघल धाटणीचे छोटे घुमट. आपल्या न्यू पॅलेसचा आराखडा करणारा मेजर मँट इंग्रज, त्यानं इकडं येऊन आपल्या आणि त्यांच्या दोन्ही पद्धती मिसळल्या, १८८४ मध्ये पॅलेस उभा राहिला, आणि तिकडं इंग्रज लोक स्वतःच्या समुद्राकाठच्या घरावर आपले घुमट लावून बसले. आईनं लांबनंच ओळखलं, "हे आपल्याकडचं दिसतंय." फोटो काढायचा तर तिथं काढा.

आणि या गावाचं आपल्याशी नातं तेवढंच नाही. बंगालमधल्या कूचबिहार संस्थानचे महाराज नृपेंद्र नारायण १९११ च्या सप्टेंबरमध्ये याच बेक्सहिलमध्ये वारले, हवापालटासाठी इथं आलेले होते. १९१३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ इथं पिण्याच्या पाण्याचं कारंजं उभारलेलं. त्यांच्या सूनबाई म्हणजे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची लेक इंदिराराजे, आणि नात म्हणजे जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी. आपल्याला लगेच आठवतात ते आपले छत्रपती राजाराम महाराज, इंग्लंड बघून परत येताना १८७० मध्ये फ्लोरेन्सला वारले, तिथं त्यांची छत्री आहे. किती लांब येऊन ही माणसं गेली, असं आई पुन्हा पुन्हा म्हणत होती. इंग्रजांचा लाडका विनोदवीर स्पाइक मिलिगन दुसऱ्या महायुद्धात तोफखान्याचा शिपाई म्हणून बेक्सहिलला होता, आणि तो जन्मला कुठं, तर आपल्या अहमदनगरला, १९१८ साली. टेलिव्हिजन पहिल्यांदा करून दाखवणारा जॉन लोगी बेअर्ड शेवटी बेक्सहिललाच राहायला आलेला, १९४६ मध्ये तिथंच गेला. एवढ्याशा गावात एवढं सगळं.

खाण्याचं बोलू, नाहीतर कोल्हापूरकर पुढं वाचायचे नाहीत. फिश अँड चिप्स खायचंच. कॉड किंवा हॅडॉक, मोठा तुकडा, पिठात बुडवून तळलेला, वर मीठ आणि माल्ट व्हिनेगर. मासा ताजा असतो पण आपल्याला तिखट लागतं, त्याला इलाज नाही, म्हणून पर्समध्ये कांदा-लसूण मसाल्याची छोटी डबी ठेवा. गरम चिप्सवर तो मसाला भुरभुरून खाल्ला तेव्हा दादाच्या इंग्रज शेजाऱ्यानं पण दोनदा मागून घेतला. शाकाहारी माणसांनी एक विचारून घ्या, काही दुकानांत चिप्स बैलाच्या चरबीत तळतात, सगळीकडं नाही पण विचारलं की ते लोक नीट सांगतात, राग मानत नाहीत. रस्त्यावर उघड्यावर खाताना सीगलवर लक्ष ठेवा, ते पक्षी आपल्या घारीपेक्षा धीट आहेत, मागनं येऊन हातातला तुकडा नेतात. दुपारच्या चहाबरोबर स्कोन, म्हणजे भाजलेला छोटा पावासारखा पदार्थ, त्यावर जाम आणि घट्ट साय, हे आईला फार आवडलं, तिचं म्हणणं साय म्हशीची असती तर अजून बहार आली असती.

पबमध्ये जायला आई तयार नव्हती, तिच्या डोक्यात पब म्हणजे बार. पण तिथल्या पबमध्ये दुपारी आजी, आजोबा, नातवंडं, कुत्री सगळे जेवायला बसलेले असतात. काउंटरवर जाऊन ऑर्डर द्यायची, टेबल नंबर सांगायचा, आणि लिंबू सरबताचा ग्लास घेऊन खिडकीत बसायचं. पाऊस आला तर याच्यासारखी जागा नाही. आणि पाऊस येतोच. छत्री न्यायच्या भानगडीत पडू नका, समुद्रावरच्या वाऱ्यानं ती पहिल्याच दिवशी उलटी होते, टोपीचा रेनकोट न्या. जूनमध्ये पण स्वेटर लागतो.

गावातल्या मुख्य रस्त्यावर चॅरिटी शॉप बरीच आहेत, लोकांनी दान दिलेल्या वस्तू स्वस्तात विकतात आणि पैसे चांगल्या कामाला जातात. कपड्यांना आईनं हात लावला नाही, पण चिनी मातीच्या कपबश्यांसमोरनं ती हलेना. जुन्या गावात, म्हणजे ओल्ड टाउनला, थोडं चढून जावं लागतं, तिथं सेंट पीटर्स चर्चमध्ये आठव्या शतकातला कोरलेला दगड आहे, आणि पडक्या वाड्याची बाग आहे, शांत, सावलीची. दुकानं पाचच्या सुमाराला बंद होतात, रविवारी अजून लवकर, त्यामुळं दूध-ब्रेड आधी घेऊन ठेवा. उजेड मात्र जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत असतो, म्हणून जेवण झाल्यावर परत समुद्राकाठी फेरी मारता येते, आमची रोजची फेरी तीच.

एक चालायची वाट सांगते, जरा पाय चालणाऱ्यांसाठी. बेक्सहिलपासनं पश्चिमेकडं समुद्राकाठानं कूडनपर्यंत जा, दोन-अडीच मैल होतील, रंगीत लाकडी बीच हट बघत बघत. शेवटी शेवटी गोटे लागतात तिथं बुटं चांगली पाहिजेत. कूडन बीचचं स्टेशन समुद्राच्या अगदी काठावर आहे, त्यामुळं जाताना चालत आणि येताना ट्रेननं. अजून थोडं पुढं नॉर्मन्स बेला नेपोलियनच्या भीतीनं १८०५ ते १८०८ च्या काळात बांधलेले गोल जाड बुरूज दिसतात, मार्टेलो टॉवर म्हणतात त्यांना.

आणि गडकोटवाल्यांसाठी पेव्हन्सी. ट्रेननं चार-पाच स्टेशनं. रोमन लोकांनी तिसऱ्या शतकाच्या शेवटी बांधलेल्या तटबंदीच्या आत नंतर नॉर्मन लोकांनी किल्ला बांधला. १०६६ मध्ये नॉर्मंडीचा विल्यम इथंच किनाऱ्याला लागला आणि मग १४ ऑक्टोबरला त्यानं राजा हॅरॉल्डला हरवलं, ती रणभूमी बॅटल नावाच्या गावात आहे. पन्हाळ्याची सवय असलेल्या डोळ्यांना पेव्हन्सी लहान वाटेल, चढ नाही, दरी नाही, आत्यानं तर विचारलं की एवढ्या सपाटीवर वेढा कसा सोसला असेल. पण रोमन तटाला हात लावून उभं राहिलं की सतराशे वर्षांचा दगड हाताला लागतो, आणि भिंतीला धरून सावकाश सगळी फेरी मारता येते, गुडघ्यांना त्रास नाही. हेस्टिंग्ज दहा-पंधरा मिनिटांवर, तिथं होड्यांना बंदर नाही, कोळी लोक होड्या थेट गोट्यांवर ओढून ठेवतात, शेजारी जाळी ठेवायच्या काळ्या, उंच, अरुंद लाकडी खोल्या आहेत. ज्यांनी देवगड-मालवण बघितलंय त्यांना ते बघताना फार आपुलकी वाटते. हेस्टिंग्जला गर्दी असते, म्हणून सकाळी जाऊन दुपारी परत या.

पोहायचं असेल तर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे, जिथं लाइफगार्ड असेल तिथंच. उन्हाळ्यात पण पाणी १७-१८ अंशांच्या पुढं फारसं जात नाही, त्यामुळं म्हाताऱ्या माणसांनी पाय भिजवले तेवढं बस.

जाताना बॅगेत भडंग न्या, चिवडा, चटणी, मसाला न्या, पण दुधाचे पदार्थ आणि मांस भारतातनं इंग्लंडात न्यायला परवानगी नाही, म्हणजे पेढे, खवा, तूप, सुकं मटण काही नको, विमानतळावर काढून घेतात. राहायला हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेला छोटा फ्लॅट भाड्यानं घ्या, तळमजल्याचा किंवा लिफ्ट असलेला, आणि बुकिंगच्या आधी जिने किती ते विचारून घ्या कारण तिथल्या जुन्या घरांचे जिने फार अरुंद आणि उभे असतात. तिथल्या शाळांना जुलैच्या शेवटी उन्हाळी सुट्टी लागते आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला संपते, त्या दिवसांत भाडं वाढतं, म्हणून जून किंवा सप्टेंबर धरा. आणि जमलं तर पौर्णिमा-अमावस्येच्या आसपासचे दिवस निवडा, म्हणजे ओहोटी मोठी असते आणि ते बुडालेलं जंगल दिसायची शक्यता वाढते. कुणाला अजून काही विचारायचं असेल तर विचारा, आईला विचारून सांगते, तिच्या सगळं लक्षात आहे.